प्रोग्रॅम चालला, पण विद्यार्थी शिकला का?



विषयाकडे वळण्याआधी एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी म्हसवडकडचे एक शेतकरी गृहस्थ आमच्या घरी आले. त्यांच्या मुलीनं साताऱ्यात संगणक प्रोग्रॅमिंगचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्यांनी पिशवीतून गुणपत्रिका काढली आणि टेबलावर ठेवली. प्रथम श्रेणी. प्रॅक्टिकलला तर पन्नासपैकी सेहेचाळीस. मुलगी पुण्याला तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आली होती. तिन्ही ठिकाणी तिच्यासमोर कोरा कागद ठेवून एक साधा प्रोग्रॅम लिहायला सांगितला, आणि तिन्ही ठिकाणी तिला तो लिहिता आला नाही. गृहस्थ म्हणाले, "सर, माझं शिक्षण सातवी. मला एवढंच सांगा, हा कागद खोटा का माझी पोरगी खोटी?"

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. चहा घेऊन ते गेले. आज जे बोलणार आहोत ते त्या प्रश्नाभोवतीच.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा संगणकाशी काय संबंध? संबंध असा, की आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंगच्या मुलांना सत्यता-कोष्टकं शिकवायला म्हणून बोलावणं आलं. तिथून पुढे साताऱ्यातल्या एका आणि सांगलीतल्या एका महाविद्यालयानं "आमचं मूल्यमापन जरा बघा" असं सांगितलं. गणिताचे आमचे एक जुने मित्र सोबतीला होते. दोन वर्षं आम्ही प्रयोगशाळेत मागच्या खुर्चीवर बसून परीक्षा पाहिल्या. संगणकाचं ज्ञान आम्हाला बेताचंच. पण एखाद्याला एखादी गोष्ट 'कळली आहे' असं आपण कशावरून म्हणतो, हा प्रश्न मात्र आमच्या धंद्यातलाच.

हे अभ्यासक्रम आले कुठून, ते थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2013-14 मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि तिच्या पाठोपाठ बी. व्होक. ही पदवी आली. कल्पना चांगली होती. स्थानिक गरज ओळखायची, हाताला काम देणारं शिक्षण द्यायचं, एक वर्ष झालं की पदविका, दोन झाली की प्रगत पदविका, म्हणजे मध्येच सोडावं लागलं तरी पोर रिकाम्या हातानं घरी जाऊ नये. बी. व्होक.मध्ये कौशल्याचा भाग 60 टक्के आणि सामान्य शिक्षणाचा 40 टक्के. सामान्य भागाचं मूल्यमापन विद्यापीठाच्या पद्धतीनं आणि कौशल्याचं त्या त्या क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या निकषांवर, अशी विभागणी कागदावर ठरली.

साताऱ्याला ही कल्पना काही नवी नाही म्हणा. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 साली ती साताऱ्याला आली, आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. पोरांनी शेतात राबायचं आणि वर्गात शिकायचं. शेतातल्या कामाचं मूल्यमापन सोपं असतं. सरी वाकडी गेली की बांधावर उभ्या असलेल्या कुणालाही ती दिसते. शिवाय सरी पाठ करून येत नाही. प्रोग्रॅमचं तसं नाही. तो पाठ करता येतो, आणि पाठ केलेला प्रोग्रॅमसुद्धा पडद्यावर अगदी बरोबर चालतो. आमच्या मते सगळी अडचण इथून सुरू होते.

परीक्षा कशी होते ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभरात वीस-पंचवीस प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवायचे: संख्या मूळ आहे का, उलटसुलट वाचली तरी तीच राहते का, फॅक्टोरियल, फिबोनाचीची मालिका, यादी चढत्या क्रमानं लावणं. परीक्षेच्या दिवशी टेबलावर चिठ्ठ्या, त्यांना स्लिप म्हणतात. जी उचलली तिच्यावरचा प्रोग्रॅम लिहायचा, चालवून दाखवायचा, मग बाहेरचे परीक्षक दोन तोंडी प्रश्न विचारणार. स्लिपवरचे प्रोग्रॅम जर्नलमधलेच असतात आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे परीक्षेआधी आठवडाभर वसतिगृहात पाठांतर चालतं. आपल्या लहानपणी परवचा म्हणायचे, अगदी त्याच चालीवर.

एका परीक्षेत आमच्या गणिती मित्रांच्या एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ सगळ्या वर्गाच्या प्रोग्रॅममध्ये एका चलाच्या नावात स्पेलिंगची तीच एक चूक होती. चौकशी केली तेव्हा कळलं, झेरॉक्सच्या नोट्समध्ये ती तशीच छापलेली होती. गंमत अशी, की प्रोग्रॅम चालत होता, कारण चूक सगळीकडे सारखीच होती आणि यंत्राला नाव काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं, ते प्रत्येक वेळी तेच आहे एवढंच ते बघतं. परीक्षकांनी उत्तर पडद्यावर पाहिलं आणि गुण दिले. नियमाप्रमाणे बरोबरच दिले.

इथे आम्हाला आपल्या जुन्या नैयायिकांची आठवण झाली. ज्ञान खरं आहे हे कशावरून ओळखायचं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. मीमांसक म्हणत, ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःसिद्ध असतं, उलट काही आढळेपर्यंत ते खरंच मानायचं. नैयायिक म्हणत, तसं नाही, ते बाहेरून तपासावं लागतं. लांब पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जवळ जा, ओंजळ भरून प्या. तहान भागली तर ज्ञान खरं. प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ज्ञान यथार्थ. आता बघा, आपली प्रॅक्टिकलची परीक्षा या अर्थानं पक्की नैयायिक आहे. प्रोग्रॅम चालला, उत्तर आलं, म्हणजे विद्यार्थ्याला येतं.

पण बाराव्या शतकात श्रीहर्षानं 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात या मंडळींना एक अवघड पेच घातला. समजा, मुठीत काही कवड्या लपवून कुणी विचारलं, किती आहेत? समोरच्यानं अंदाजानं सांगितलं, पाच. मूठ उघडली, खरंच पाच निघाल्या. उत्तर खरं आहे, अनुभवाशी जुळतं आहे. मग याला ज्ञान म्हणायचं का? कुणीच म्हणणार नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात एडमंड गेटिए यांनी 1963 साली तीन पानांचा एक निबंध लिहून याच जातीचा प्रश्न उभा केला आणि त्यावर अजून लेख निघताहेत. आमच्या वर्गातली मुलं अंदाजानं बोलत नव्हती, पाठांतरानं बोलत होती, एवढाच फरक. पण मुठीत कवड्या पाचच का आहेत, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आता पावसाची गोष्ट. 1980 च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठात इलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना एक प्रश्न घातला. संगणकशिक्षणाच्या जगात तो 'पावसाचा प्रश्न' म्हणूनच प्रसिद्ध आहे. एकामागून एक संख्या वाचत जा. 99999 ही संख्या आली की थांब. आणि तोवर आलेल्या संख्यांची सरासरी सांग. ऐकायला चौथीचं गणित. पण कितीतरी मुलांना ते नीट जमेना.

हा प्रश्न आपल्या भागासाठीच काढला असावा, असं आम्हाला वाटतं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडला जेमतेम पाचशेच्या आसपास. सांगलीकडे जत, आटपाडीची तीच कथा. म्हणून आम्ही प्रश्न जरा बदलून घेतला. रोजच्या पावसाचे आकडे द्यायचे, शेवटी 99999, आणि ज्या दिवशी पाऊस पडला तेवढ्याच दिवसांची सरासरी काढायची.

यात तीन-चार खड्डे आहेत. पहिला, 99999 हा पावसाचा आकडा नाही, ती थांबण्याची खूण आहे. ती बेरजेत धरली तर महाबळेश्वरही लाजेल. दुसरा, शून्य पावसाचे दिवस मोजायचे नाहीत. तिसरा जरा लबाड आहे. काही भाषांमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक गळून पडतो, सातला दोननं भागल्यावर साडेतीनऐवजी तीनच येतात. आणि चौथा, पाऊस पडलाच नाही तर? दिवस शून्य, आणि शून्यानं भागाकार. प्रोग्रॅम तिथे कोलमडतो.

सांगलीत हा प्रश्न फळ्यावर लिहिला तेव्हा बहुतेक मुलांनी लगेच टंकायला सुरुवात केली. जतकडचा एक मुलगा मात्र हात वर करून म्हणाला, "सर, पाऊसच पडला न्हाई तर काय छापायचं?" वर्ग हसला. मित्रहो, त्या तासाला आम्ही ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते. त्यानं अजून एक ओळही लिहिली नव्हती, पण प्रोग्रॅम म्हणजे काय हे त्याला कळलं होतं. आणि ते कळायला त्याच्या गावच्या हवामानानं मदत केली होती! पंचाईत एवढीच, की या प्रश्नाला गुण द्यायला गुणपत्रकात रकाना नव्हता. 'लेखन', 'अंमलबजावणी', 'तोंडी', 'जर्नल', एवढेच रकाने. आम्ही समासात लिहिलं आणि वर सही केली.

आपलीच मुलं कच्ची आहेत, असा समज कुणी करून घेऊ नये. 2001 साली मायकेल मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या गटानं वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत पहिला अभ्यासक्रम संपवलेल्या विद्यार्थ्यांची अशीच परीक्षा घेतली. सरासरी गुण पडले 110 पैकी 22.89. हे आकडे पाहून तिथले प्राध्यापक हादरले. मग 2004 साली रेमंड लिस्टर यांच्या गटानं सात देशांत वेगळाच प्रश्न विचारला: लिहिणं राहू द्या, यांना दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम वाचता तरी येतो का? ओळीओळीनं जाऊन, शेवटी उत्तर काय येईल हे कागदावर सांगता येतं का? अनेकांना तेही धड येत नव्हतं. आपण मुलांना निबंध लिहायला लावत होतो आणि त्यांना वाचता येतं का हे तपासलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ.

आम्ही आपल्याकडे हे करून पाहिलं. प्रश्न अगदी छोटा. 'अ'मध्ये 5 आहेत, 'ब'मध्ये 8. पहिली ओळ: अ = ब. दुसरी ओळ: ब = अ. आता दोघांत काय? बरोबर उत्तर, दोन्हीकडे 8. कारण पहिल्या ओळीलाच 'अ'मधले 5 पुसले गेले. पण कितीतरी मुलांनी लिहिलं, 'अ'मध्ये 8 आणि 'ब'मध्ये 5, म्हणजे अदलाबदल झाली. काहींनी लिहिलं, 'ब' रिकामा. हे 'रिकामा' वाचून आम्ही चक्रावलो. मग त्या मुलांना जवळ बसवून विचारलं. एक म्हणाला, "सर, चल म्हणजे डबा असं शिकवलंय. एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं की पहिला रिकामाच होणार की." काय चुकलं त्याचं? उपमा आपण दिली, त्यानं ती प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेली. डब्याऐवजी पाटी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शेजारच्या पाटीवरचं बघून आपल्या पाटीवर पुसून लिहायचं, शेजारच्याची पाटी तशीच राहते. आणि '=' या खुणेचं म्हणाल तर शाळेत दहा वर्षं आपण शिकवतो की तिचा अर्थ 'दोन्ही बाजू समान'. इथे अचानक तिचा अर्थ 'उजवीकडचं डावीकडे लिही' असा होतो, आणि कुणी ते मुलांना बसवून सांगत नाही.

प्रॅक्टिकलमध्ये हे काहीच दिसत नाही, कारण अदलाबदलीचा प्रोग्रॅम तिसरा चल घेऊन पाठ केलेला असतो. चुकीची समजूत पोटात तशीच राहते आणि वरून प्रोग्रॅम बरोबर चालतो. सांगलीच्या हळदीच्या बाजारात अनुभवी व्यापारी नुसता ढीग बघून भाव सांगत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. आपण ढीग बघून गुण देत होतो.

मग तोंडी परीक्षा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. आणि इथे आमची स्वतःची एक चूक कबूल करायला हवी. एका तोंडी परीक्षेत आम्ही परीक्षकांच्या शेजारी बसलो होतो आणि आमच्या मताला मान होता. एक मुलगी आली. तिला तिच्याच पावसाच्या प्रोग्रॅमबद्दल प्रश्न विचारला, इंग्रजीत. उत्तर फार मोठं का येतंय? ती खाली बघत राहिली. दोनदा विचारलं, एक शब्द नाही. आम्हीच म्हणालो, हिला कळलेलं दिसत नाही, दहापैकी तीन द्या. दिले. अर्ध्या तासानं बाहेर पाण्याच्या टाकीशी ती मैत्रिणीला सांगत होती, "अगं, ती शेवटची 99999 पण मोजली जातीय, म्हणून सरासरी फुगतीय. आधी बघायचं, मगच मिळवायचं, नाहीतर असंच हुणार." शब्दाशब्दानं बरोबर! आम्ही तिथेच उभे राहिलो. आत गेलो तर गुणांचं पाकीट सीलबंद झालं होतं.

प्रोग्रॅमची भाषा इंग्रजी शब्दांची आहे, कबूल. नोकरीत इंग्रजी लागतं, तेही कबूल. पण तो वेगळा विषय आहे आणि त्याचे गुण वेगळे द्यावेत. तर्क कळला का हे तपासताना भाषेचे गुण कापायचे, म्हणजे एका मापानं दोन वस्तू तोलण्यासारखं आहे. त्या मुलीचं नाव आम्हाला आजही आठवतं. सांगणार नाही.

गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1949 साली एक भेद सांगितला: अमुक आहे हे माहीत असणं वेगळं आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ असलेला माणूस बुडू शकतो. 60 टक्के कौशल्य आणि 40 टक्के सामान्य ज्ञान ही विभागणी याच भेदावर उभी आहे असं वरवर वाटतं. पण प्रोग्रॅमिंगमध्ये ही चिरफाड नीट होत नाही. जतच्या मुलाचा तो प्रश्न कौशल्य म्हणायचा की ज्ञान? राईलनाच विचारलं असतं तर ते म्हणाले असते, हुशारीनं करणं हेच ते. आपण मात्र दोन तुकडे करून दोघांचे परीक्षक वेगळे नेमले. मधला भाग कुणाच्याच वाट्याला आला नाही.

मग आम्ही काय सुचवलं? फार मोठं काही नाही. पहिलं, परीक्षेत जर्नलमधला प्रोग्रॅम लिहून घेण्याऐवजी एक चालता प्रोग्रॅम हातात द्यायचा आणि त्यात एक बदल करायला सांगायचा. सरासरीऐवजी सर्वांत जास्त पावसाचा दिवस काढ, आकड्यात ऋण संख्या आली तर ती सोडून दे. दुसरं, मुद्दाम मोडलेला प्रोग्रॅम द्यायचा आणि कुठे मोडला ते शोधायला लावायचं. तिसरं, कागदावर ओळीओळीनं चालवून दाखवायला लावायचं, प्रत्येक पायरीला कोणत्या चलात काय आहे ते लिहीत. आणि चौथं, तोंडी परीक्षा विद्यार्थ्याला हव्या त्या भाषेत.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहानं मांडली. प्रोग्रॅम तपासायला कोणते आकडे द्यायचे, हे विद्यार्थ्यानंच ठरवावं आणि त्यालाही गुण असावेत. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा बजावून सांगत, की चाचणीनं चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही. परीक्षकानं दिलेल्या एका उदाहरणावर प्रोग्रॅम चालला यात काय विशेष? जो विद्यार्थी स्वतःच्या प्रोग्रॅमला मोडेल असा आकडा शोधून काढतो, तो शिकला आहे.

यावर आलेल्या हरकती खऱ्या होत्या. एका विद्यार्थ्याला दहा मिनिटं धरली तर साठ विद्यार्थ्यांना दहा तास लागतात, म्हणजे दोन दिवस गेले. आणि शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावरचे, तासाचे पैसे मिळणार, असल्या तपासणीचे नाहीत. एका तरुण शिक्षिकेनं आम्हाला तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही पेन्शनवर आहात, तुम्हाला वेळ आहे. आम्ही हे कधी करायचं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यातून एक तडजोड निघाली. सगळं परीक्षेच्या दिवसावर न टाकता दर आठवड्याच्या प्रॅक्टिकलला पाच-सहा मुलांना दहा-दहा मिनिटं विचारायचं, म्हणजे सत्रभरात प्रत्येकाची निदान एक फेरी होते. जर्नल तपासून सह्या करण्यात जो वेळ जातो तोच इकडे वळवायचा. जर्नलचं मोल आम्हाला कधी कळलंच नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. सुंदर अक्षरात, लाल शाईच्या समासासह, एकमेकांची उतरवलेली जर्नलं असतात ती.

दुसरी हरकत निकालाची. एका ठिकाणी नवी पद्धत थोडी वापरून पाहिली, तर गुण घसरले. असे अभ्यासक्रम प्रवेशांवर जगतात. निकाल खाली आला की पालक दुसरीकडे जातात. प्राचार्यांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण घसरलेले गुण बघून मुलं रडली, तशी काही मुलं प्रथमच प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबायलाही लागली, हेही आम्ही पाहिलं.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, त्याबद्दल विचारणारच तुम्ही. जर्नलमधले पंचवीसच्या पंचवीस प्रोग्रॅम ते क्षणात लिहून देतं, आणि स्पेलिंगची चूकही करत नाही. म्हणजे आपण ज्याला इतकी वर्षं 46 गुण देत होतो ते आता फुकट मिळतं. लिहून आणलेल्या प्रोग्रॅमला गुण देण्यात आता राम उरलेला नाही. तो समोर मोडून दाखव, बदलून दाखव, का ते सांग, एवढंच हातात राहिलं.

त्या गृहस्थांच्या मुलीला आम्ही नंतर बोलावून घेतलं. अदलाबदलीचा तो प्रश्न घातला. तिनं लिहिलं: अ रिकामा नाही, ब रिकामा. तिच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. दोन वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांना आम्ही सांगितलं, की पोरगी खोटी नाही आणि कागदही खोटा नाही. कागदानं तिचं पाठांतर मोजलं आणि ते खरोखरच सेहेचाळीस गुणांचं होतं. ते म्हणाले, "म्हंजे दोन वर्सं गेली." आम्ही गप्प बसलो. ती मुलगी पुढे चार महिने आमच्या गणिती मित्रांकडे पाटी-पेन्सिल घेऊन बसायला येत होती. खरोखरची पाटी, दगडी. तिसऱ्या आठवड्यात तिनं पावसाच्या प्रोग्रॅममध्ये शून्य दिवसांची अट स्वतःहून घातली. नोकरी लागली का, असं विचाराल, तर अजून नाही. मुलाखती चालू आहेत.

दोन महाविद्यालयांपैकी एकानं या जून महिन्यापासून प्रॅक्टिकलच्या पन्नासपैकी वीस गुण 'बदल करून दाखवणे' याला द्यायचं ठरवलं आहे. दुसऱ्याचा निर्णय अभ्यास मंडळाकडे आहे. रकाना छापून आला आहे, तो आम्ही पाहिला. पाऊस पडला नाही तर काय, असं विचारणाऱ्याला गुण कुठे द्यायचे, त्याची जागा मात्र अजून समासातच आहे.

आमचं बोलणं इथे थांबवतो. तरुण शिक्षक मंडळी मागे बसलेली दिसताहेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.